आपली गती सीएमबीत कुठे कुठे दिसते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सूर्य, आकाशगंगा, दीर्घिकांचे समूह, सगळेच फिरत असतात. मग या मोठ्या हालचालींचा वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीवर, म्हणजे विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या प्रारणावर (सीएमबीवर), नेमका काय परिणाम होतो? नकाशातून डायपोल, म्हणजे एक बाजू किंचित गरम आणि विरुद्ध बाजू किंचित थंड हा ढोबळ नमुना, काढून टाकला की तो परिणाम संपतो का? आणि हा डायपोल खरोखर आपल्या गतीमुळेच आहे, हे कशावरून?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: संपत नाही. डायपोल हा आपल्या गतीचा सगळ्यात ठळक परिणाम आहे, इतकंच. तो काढल्यावरही त्याच गतीच्या आणखी काही खुणा नकाशात शिल्लक राहतात. दूरच्या दीर्घिका-समूहांच्या गतीमुळे उमटलेल्या खुणांना तर डायपोल काढल्याने धक्काही लागत नाही. म्हणून या विषयातला कुठलाही आकडा हाती घेताना पहिल्यांदा विचारायचं, की हलतंय कोण? निरीक्षक, वाटेतला पदार्थ, की ज्या तप्त वायूतून हे प्रारण सुटलं तो वायू? तिघांच्या खुणा वेगवेगळ्या कोनीय मापाच्या असतात आणि काहींचा वर्णपटही निराळा असतो. या दोन गोष्टी धरून राहिलात की गोंधळ बराच कमी होतो.

निरीक्षकाची गती

सीएमबीचं सरासरी तापमान २.७२५५ केल्विन आहे. आपण या प्रारणातून सरकत असल्यामुळे समोरची बाजू डॉप्लर परिणामाने किंचित गरम दिसते आणि मागची किंचित थंड. वेगाला प्रकाशवेगाने भागून येणाऱ्या अंकाला बीटा म्हणतात. पहिल्या पायरीवर तापमानातला फरक म्हणजे सरासरी तापमान गुणिले बीटा, गुणिले गतीच्या दिशेशी होणाऱ्या कोनाची कोज्या. प्लँक उपग्रहाच्या २०१८च्या विश्लेषणात या डायपोलचा आयाम ३३६२.०८ ± ०.९९ मायक्रोकेल्विन मिळाला. उलटं गणित सोपं आहे: ०.००३३६२०८ ला २.७२५५ ने भागलं की बीटा येतो ०.००१२३३६, आणि त्याला प्रकाशवेगाने गुणलं की सेकंदाला ३६९.८ किलोमीटर. दिशा गॅलेक्टिक रेखांश २६४.०२ अंश, अक्षांश ४८.२५ अंश, म्हणजे आकाशात सिंह आणि चषक या तारकासमूहांच्या सीमेजवळ. विरुद्ध टोक मीन राशीच्या बाजूला येतं. हा वेग सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राचा आहे, पृथ्वीचा नाही.

या आकड्यातली अनिश्चितता कुठून येते तेही बघण्यासारखं आहे. सरासरी तापमानच ०.०००६ केल्विनने अनिश्चित आहे, म्हणजे शेकडा ०.०२२. वेग काढताना आपण त्याने भागतो, म्हणून एवढ्या एका कारणाने वेगात ०.०८ किमी/से. इतकी अनिश्चितता शिरते. प्लँकने दिलेली एकूण अनिश्चितता ०.११ किमी/से. आहे. थोडक्यात, आता इथे अडथळा डायपोल मोजण्याचा कमी आणि १९९०च्या दशकातल्या कोबे उपग्रहाच्या फिरास उपकरणावर आधारलेल्या सरासरी तापमानाचा जास्त आहे.

डायपोल मोजण्याची युक्ती १९७७ पासून फारशी बदललेली नाही. त्या वर्षी स्मूट, गोरेनस्टाइन आणि मुलर यांनी यू-२ विमानावर ३३ गिगाहर्ट्झचा रेडिओमीटर बसवला. त्याला एकमेकांशी ६० अंशांचा कोन करणारे दोन हॉर्न अँटेना होते. आकाशाच्या दोन भागांमधला फरक तेवढा मोजायचा, मग यंत्र फिरवून दोन्ही अँटेनांच्या जागा बदलायच्या आणि पुन्हा मोजायचं. यंत्राचा स्वतःचा असमतोल जागा बदलल्यावर तसाच राहतो, आकाशातल्या फरकाचं चिन्ह मात्र उलटतं. त्यांना ३९० ± ६० किमी/से. हा वेग मिळाला. निरपेक्ष तापमान माहीत असण्याची गरज नाही, हे या पद्धतीचं खरं बळ. कोबेचं डीएमआर उपकरण आणि नंतरचा डब्ल्यूमॅप उपग्रह याच तत्त्वावर चालले.

प्लँकची रीत वेगळी होती. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, एल-२ बिंदूजवळ, तो मिनिटाला एक फेरी या गतीने स्वतःभोवती फिरायचा आणि त्याची दुर्बीण फिरण्याच्या अक्षाशी ८५ अंशांचा कोन करायची. प्रत्येक मिनिटाच्या नोंदीत डायपोल एका सरळ ज्यावक्रासारखा दिसतो. आता अडचण अशी, की शोधकातून व्होल्ट किंवा वॅट बाहेर पडतात, केल्विन नाही. रूपांतराचा गुणक आणायचा कुठून? त्यासाठी दुसरा, लहान डायपोल कामी येतो. उपग्रह पृथ्वीसोबत सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरतो, त्यातून साधारण २७० मायक्रोकेल्विनचा डायपोल निर्माण होतो. उपग्रहाचा वेग कक्षेच्या गणितातून अतिशय अचूक माहीत असतो, आणि सहा महिन्यांनी त्याची दिशा उलटते. त्यामुळे तो आकाशातल्या कुठल्याही स्थिर गोष्टीपासून वेगळा काढता येतो. या कक्षीय डायपोलवर शोधक केल्विनमध्ये बसवायचा, मग त्याच मापाने सूर्याचा डायपोल मोजायचा. सीएमबीच्या सगळ्या आधुनिक आकड्यांची मोजपट्टी पृथ्वीच्या या वार्षिक प्रदक्षिणेवर टेकलेली आहे.

इथे चूक झाली तर ती डायपोलपुरती राहत नाही. गुणकात हजारात एक एवढी चूक असेल, तर ३३६२ मायक्रोकेल्विनच्या डायपोलमागे ३.४ मायक्रोकेल्विन उरतात. एकाच जागेकडे बघणाऱ्या दोन शोधकांच्या गुणकांत इतका फरक पडला, तर त्यातला काही भाग ध्रुवीकरणाच्या नकाशात झिरपतो. मोठ्या कोनांवरचा ध्रुवीकरणाचा खरा संकेत मात्र एका मायक्रोकेल्विनहूनही लहान असतो. प्लँकच्या ध्रुवीकरणाच्या नकाशांना अंतिम रूप यायला इतकी वर्षं लागली, त्यामागे ही झिरपही एक मोठं कारण होतं.

नकाशावर स्वतः करून बघायचं असेल तर

प्लँकच्या सार्वजनिक संग्रहातून वारंवारतेनुसार नकाशे उतरवता येतात. पहिला खड्डा इथेच आहे. २०१८च्या नकाशांमधून सूर्याचा डायपोल आधीच वजा केलेला आहे, तर २०२०च्या एनपाइप संचात तो ठेवलेला आहे. पहिल्या संचावर डायपोल बसवायला गेलात तर हाती कचरा येईल. वारंवारता १०० किंवा १४३ गिगाहर्ट्झ घ्या. २०१८च्या संचातले ५४५ आणि ८५७चे नकाशे केल्विनमध्ये नसतात, मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियनमध्ये असतात, आणि तिथे धुळीचंच राज्य आहे.

नकाशा हीलपिक्स, म्हणजे गोलाचे सारख्या क्षेत्रफळाचे पिक्सेल पाडणाऱ्या, पद्धतीत असतो; पिक्सेल किती बारीक ते एन-साइड हा आकडा सांगतो. एन-साइड २०४८ म्हणजे पाच कोटींहून थोडे जास्त पिक्सेल, प्रत्येक साधारण १.७ कोनीय मिनिटांचा. डायपोलसाठी इतकी बारकाई नको. एन-साइड ६४ पर्यंत उतरवा, काम झटकन होतं. फाइलमध्ये पिक्सेल नेस्टेड क्रमाने असतात. हीलपाय हे पायथनमधलं साधन वाचताना ते आपोआप रिंग क्रमात आणतं, पण मास्क (कोणते पिक्सेल झाकायचे ते सांगणारी फाइल) दुसऱ्या मार्गाने वाचला असेल तर दोघांचे क्रम जुळत नाहीत आणि आकाशगंगेचा पट्टा ठिपक्याठिपक्यांत विखुरलेला दिसतो. तसं दिसलं की आधी क्रम तपासा.

मग आकाशगंगेचा पट्टा झाकून चार अंक एकदम बसवायचे: सरासरी आणि डायपोलचे तीन घटक. सरासरी आधी वेगळी वजा करून मग डायपोल बसवू नका. पूर्ण आकाशावर ते दोन्ही एकमेकांना लंब असतात, झाकलेल्या आकाशावर नसतात, आणि एकाचा अंश दुसऱ्यात जातो. सीएमबीचे स्वतःचे क्वाड्रुपोल आणि ऑक्टुपोलही (डायपोलच्या पुढचे, अधिक बारीक नमुने) याच कारणाने डायपोलमध्ये घुसतात, काही मायक्रोकेल्विनने. धूळ आणि सिंक्रोट्रॉनचे साचे त्याच वेळी बसवले तर उत्तर स्थिरावतं. खात्रीसाठी मास्क बदलून बघा: आकाशाचा ४०, ६०, ८० टक्के भाग वापरून दिशा अंशाच्या लहानशा भागाहून जास्त सरकत असेल, तर आकाशगंगेची प्रारणं नीट साफ झालेली नाहीत.

३७० आणि ६२०: दोन्ही बरोबर

वाचनात कुठे ३७० किमी/से. येतं, कुठे ६२०. पहिला सूर्यमालेचा वेग, दुसरा आपल्या स्थानिक समूहाचा, म्हणजे आकाशगंगा, देवयानी आणि त्यांच्या लहान सोबत्यांचा. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो, आकाशगंगा देवयानीकडे सरकते. या सगळ्याची बेरीज केल्यावर स्थानिक समूहाच्या केंद्राच्या तुलनेत सूर्याचा वेग सुमारे २९९ किमी/से. येतो, रेखांश ९८.४ आणि अक्षांश उणे ५.९ अंश या दिशेने. आता स्थानिक समूहाचा वेग काढायचा तर सूर्याच्या सीएमबी-वेगातून हा वेग वजा करायचा, पण सदिश म्हणून.

घटक मांडून बघा. पहिला अक्ष आकाशगंगेच्या केंद्राकडे, दुसरा तिच्या फिरण्याच्या दिशेने, तिसरा उत्तर ध्रुवाकडे. सूर्याचा सीएमबीच्या तुलनेतला वेग: उणे २६, उणे २४५, अधिक २७६. सूर्याचा स्थानिक समूहाच्या तुलनेतला वेग: उणे ४३, अधिक २९४, उणे ३१. वजाबाकी: अधिक १७, उणे ५३९, अधिक ३०७. वर्गांची बेरीज करून मूळ काढलं की ६२० किमी/से., दिशा रेखांश २७२, अक्षांश ३०, म्हणजे वासुकी तारकासमूहाच्या बाजूला. दुसऱ्या घटकाकडे लक्ष द्या. तिथे दोन वेग विरुद्ध दिशांचे आहेत. सूर्य आकाशगंगेभोवती ज्या दिशेने पळतो, जवळपास त्याच्या उलट दिशेला आख्खी आकाशगंगा सरकते आहे. म्हणून नुसत्या आकड्यांची वजाबाकी करून ७१ काढणारा फसतो. सूर्याचा वेग लहान दिसतो, कारण आकाशगंगेभोवतीचं त्याचं फिरणं मोठ्या प्रवाहाचा काही भाग खोडून काढतं.

हे ६२० किमी/से. येतात कुठून? कन्या समूहाची ओढ, नरतुरंगाच्या दिशेचा ग्रेट अ‍ॅट्रॅक्टर म्हणून १९८०च्या दशकात ओळखला गेलेला प्रदेश, त्याच्याही मागे सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षांवरचा शॅप्ली महासमूह, आणि दुसऱ्या बाजूच्या पोकळ्या. पोकळीत सरासरीपेक्षा पदार्थ कमी असतो, त्यामुळे तिच्या कडेवरच्या दीर्घिका तिच्यापासून दूर लोटल्यासारख्या वागतात. आपल्या शेजारच्या स्थानिक पोकळीचा वाटाच सेकंदाला अडीचशे किलोमीटरच्या आसपास धरला जातो. ‘आपल्याला कोण ओढतंय’ या प्रश्नाला एका नावाचं उत्तर मागू नये, असं माझं मत आहे. ओढ आणि लोट यांची बेरीज कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या परिसरात करावी लागते.

रेडशिफ्ट (स्रोताच्या प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचं माप) दुरुस्त करतानाही हा ३७० किमी/से. लागतो. दूरच्या सुपरनोव्हाचा सूर्यकेंद्री रेडशिफ्ट सीएमबीच्या चौकटीत नेताना ‘एक अधिक रेडशिफ्ट’ हे गुणाकाराने जोडायचे, नुसती बेरीज-वजाबाकी नाही. आपण ज्या बाजूला चाललो आहोत तिकडच्या दीर्घिकेचा मोजलेला रेडशिफ्ट कमी दिसतो, म्हणून दुरुस्तीनंतर तो वाढला पाहिजे. चिन्ह उलटं पडलं तर ०.०१ रेडशिफ्टला, जिथे विस्ताराचा वेगच ३,००० किमी/से. आहे, चूक जवळपास शेकडा पंचवीसपर्यंत जाते.

सीएमबीची चौकट म्हणजे निरपेक्ष स्थिरता का, हा प्रश्न यामागोमाग येतोच. नाही. भौतिकीचे नियम दुसऱ्या कुठल्याही चौकटीत तसेच चालतात. विश्वातल्या प्रारणाला प्रत्येक ठिकाणी एक अशी चौकट असते जिच्यात डायपोल शून्य होतो, एवढाच त्याचा अर्थ.

डायपोल काढल्यावर काय उरतं

आपल्या वेगाचे तीन परिणाम मागे राहतात. पहिला बीटाच्या वर्गाचा: सुमारे २.८ मायक्रोकेल्विनचा क्वाड्रुपोल, डायपोलच्याच अक्षावर. त्याची खूण अशी, की तापमानाच्या नकाशात तो वारंवारतेनुसार बदलतो. अगदी कमी वारंवारतेच्या तुलनेत १४३ गिगाहर्ट्झला दीडपट, ३५३ला तिपटीहून थोडा जास्त. सीएमबीचा स्वतःचा क्वाड्रुपोल पंधरा-एक मायक्रोकेल्विनचा आणि अपेक्षेपेक्षा लहान आहे. त्याच्या दिशेवरून काही म्हणायचं असेल तर ही दुरुस्ती आधी केली पाहिजे.

दुसरा परिणाम अपेरणाचा. पावसात गाडी चालवताना सरी समोरून आल्यासारख्या वाटतात, तसेच सीएमबीतले सगळे ठिपके गतीच्या दिशेकडे सरकलेले दिसतात. सरकण्याचं प्रमाण कोनाच्या ज्येनुसार बदलतं. जास्तीत जास्त ४.२ कोनीय मिनिटं, गतीशी काटकोनात. समोरच्या अर्ध्या आकाशात ठिपके थोडे दाटतात, मागच्या अर्ध्यात थोडे पसरतात. तिसरा परिणाम उजळपणाचा: समोरच्या ठिपक्यांचे चढउतार किंचित तीव्र होतात. तापमानात बसवताना हा परिणाम १४३ गिगाहर्ट्झला बीटाच्या जवळपास दुप्पट आणि २१७ला तिप्पट होतो.

प्लँकने २०१३ मध्ये हे दोन परिणाम एकत्र मोजले. नकाशा वेगवेगळ्या कोनीय मापांच्या नमुन्यांत, म्हणजे बहुध्रुवांत, मोडला की प्रत्येकाला एल हा क्रमांक मिळतो; एल जितका मोठा तितका नमुना बारीक. शेजारच्या बहुध्रुवांमध्ये, म्हणजे एखादा एल आणि त्याच्या पुढचा एल यांच्यात, गतीमुळे एक बारीक नातं तयार होतं. एल ५०० ते २००० पर्यंतची लाखो नाती जोडून वेग निघाला ३८४ किमी/से.; सांख्यिकीय अनिश्चितता ७८, पद्धतशीर ११५. डायपोलच्या आकड्याशी तो जुळतो आणि डायपोल न वापरता काढलेला आहे, हे इथे महत्त्वाचं. अशी दिशाभेदी नाती शोधण्यासाठी बायपोलर गोलीय हार्मोनिक्सची जी पद्धत वापरतात, ती २००३ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत हाजियान आणि तरुण सौरदीप यांनी मांडली.

व्यवहारात हे कुणाला जाचतं? आकाशाचा लहान तुकडा बघणाऱ्यांना. तुकडा डायपोलच्या दिशेजवळ असेल तर कोनीय वर्णपटातली, म्हणजे कोणत्या एलला चढउतार किती याच्या आलेखातली, सगळी शिखरं शेकडा ०.१२ पर्यंत सरकतात. या शिखरांची जागा ठरवणारा ध्वनिक क्षितिजाचा कोन आज शेकडा ०.०३ इतक्या अचूकतेने माहीत आहे, तेव्हा ही चूक दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पूर्ण आकाशावर समोरचं आणि मागचं सरकणं एकमेकांना बरंचसं खोडतं.

वाटेतल्या दीर्घिका-समूहांची गती

समूहातल्या तप्त वायूचे इलेक्ट्रॉन सीएमबीच्या काही फोटॉनांना धक्का देतात. वायूच्या उष्णतेमुळे होणारा परिणाम सुन्याएव आणि झेल्डोविच यांनी १९७२ मध्ये मांडला, आख्ख्या समूहाच्या गतीमुळे होणारा १९८० मध्ये. दुसऱ्याला कायनेटिक एसझेड म्हणतात. त्याचं सूत्र सोपं आहे: तापमानातला सापेक्ष फरक म्हणजे प्रकाशीय जाडी (फोटॉन वाटेत इलेक्ट्रॉनवर आदळण्याची शक्यता) गुणिले दृष्टिरेषेवरचा वेग भागिले प्रकाशवेग, आणि चिन्ह उणे. समूह आपल्यापासून दूर जात असेल तर थंड ठिपका, जवळ येत असेल तर गरम. जाडी ०.००५ आणि वेग ३०० किमी/से. धरला तर सुमारे १४ मायक्रोकेल्विन होतात. त्याच जागी सीएमबीचे स्वतःचे चढउतार शंभर मायक्रोकेल्विनच्या घरात असतात.

उष्णतेचा परिणाम वर्णपटावरून ओळखता येतो. सुमारे २१७ गिगाहर्ट्झला तो शून्य होतो, त्याखाली समूह थंड आणि त्यावर गरम दिसतो. गतीच्या परिणामाचा वर्णपट मात्र सीएमबीसारखाच असतो. म्हणजे कितीही वारंवारता वापरल्या तरी तो प्राथमिक सीएमबीपासून वेगळा होत नाही. एकेका समूहात तो पकडणं फार अवघड आहे, मॅक्स जे०७१७.५+३७४५ या धडकत्या समूहाच्या एका उपसमूहात तो दिसला, कारण तिथला वेगच सेकंदाला तीन हजार किलोमीटरच्या घरात आहे.

मग बाकीच्यांसाठी जोड्या वापरतात. दोन समूह एकमेकांपासून काही कोटी ते दहा-पंधरा कोटी प्रकाशवर्षांवर असतील, तर गुरुत्वाकर्षणाने सरासरीत ते जवळ येत असतात. दोघांपैकी लांबचा आपल्याकडे येतो, तो किंचित गरम. जवळचा आपल्यापासून दूर जातो, तो किंचित थंड. समूहाची जागा त्यातल्या तेजस्वी दीर्घिकेवरून धरायची. अशा प्रत्येक दीर्घिकेभोवती साधारण दोन कोनीय मिनिटांचं वर्तुळ घ्यायचं, त्याच्या सरासरीतून बाहेरच्या कड्याची सरासरी वजा करायची. कड्याची बाहेरची त्रिज्या दोनाच्या वर्गमुळाने मोठी ठेवली की दोन्हींचं क्षेत्रफळ सारखं होतं आणि मोठ्या कोनांचा सीएमबी बराचसा निघून जातो. मग हजारो दीर्घिकांच्या जोड्यांवर, भूमितीचं वजन लावून, फरकांची सरासरी काढायची. चिलीतल्या अटाकामा दुर्बिणीचे नकाशे आणि बॉस सर्वेक्षणातल्या दीर्घिका वापरून २०१२ मध्ये हा संकेत पहिल्यांदा असा मिळाला. सरासरी संकेत एका मायक्रोकेल्विनच्या काही दशांश एवढाच असतो.

इथे बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. रेडशिफ्ट छायाचित्रांवरून काढलेला असेल आणि त्यात ०.०१ची चूक असेल, तर अंतरात सुमारे १४ कोटी प्रकाशवर्षांची चूक होते. मग जोडीतला पुढचा कोण आणि मागचा कोण हेच कळत नाही, आणि जवळच्या जोड्यांचा संकेत पुसला जातो. दुसरं, वर्तुळाचं केंद्र समूहाच्या खऱ्या केंद्रावर नसेल तर जाडी कमी मोजली जाते. तिसरं सगळ्यात मूलभूत: मोजमापात जाडी आणि वेग यांचा गुणाकार मिळतो. वेग हवा असेल तर जाडी एक्स-किरणांवरून किंवा उष्णतेच्या परिणामावरून आणावी लागते. वायू किती आहे हे हवं असेल तर वेग दीर्घिकांच्या घनतेवरून रचावा लागतो. दोन्ही एकाच आकड्यातून काढल्याचा दावा दिसला तर थांबून वाचा.

याच परिणामावरून २००८ मध्ये एक मोठा दावा झाला होता: डब्ल्यूमॅपच्या नकाशात समूहांच्या जागी डायपोल दिसतो, म्हणजे समूहांचा एक विराट ‘डार्क फ्लो’ सेकंदाला ६०० ते १,००० किलोमीटर वेगाने वाहतो आहे. प्लँकने अधिक वारंवारता आणि बारीक नकाशे वापरून तपासलं. तसा प्रवाह सापडला नाही. वरची मर्यादा ९५ टक्के खात्रीने २५४ किमी/से. आणि तीही मुख्यतः सीएमबीच्या चढउतारांनी व उपकरणाच्या गोंगाटाने ठरलेली.

समूह दृष्टिरेषेला आडवा सरकत असेल तर तोही एक खूण ठेवतो. त्याच्या गुरुत्वाने वाकलेला प्रकाश पुढच्या बाजूला थंड आणि मागच्या बाजूला गरम होतो. एका कोनीय मिनिटाचं वाकणं आणि ३०० किमी/से. धरला तर सुमारे ०.८ मायक्रोकेल्विन. संकलित साक्स-वोल्फ परिणामाचं इथे फक्त नाव घेतो: कृष्ण ऊर्जेमुळे मोठ्या महासमूहांची गुरुत्वाची खोली फोटॉन ओलांडत असतानाच उथळ होते आणि फोटॉन किंचित गरम बाहेर पडतो. तो मोठ्या कोनांवर असल्यामुळे दीर्घिकांच्या नकाशाशी जुळवूनच दिसतो.

आणि तिसरी गती, प्रारण सुटतानाच्या वायूची. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना फोटॉन आणि वायूचा एकत्रित द्रव ध्वनिलहरींनी हेलकावत होता. घनता टोकाला असते तेव्हा वेग शून्य असतो आणि वेग टोकाला असतो तेव्हा घनता सरासरीइतकी. म्हणून तापमानाच्या वर्णपटात घनतेची शिखरं दिसतात, पहिलं एल २२० जवळ, आणि वेगाचा डॉप्लर भाग मधल्या दऱ्या थोड्या भरून काढतो. ध्रुवीकरण वेगाच्या बदलामुळे निर्माण होतं, त्यामुळे त्याची शिखरं तापमानाच्या दऱ्यांच्या जागी येतात. हा भाग डायपोलशी अजिबात गल्लत करू नये. ते वेग सेकंदाला काही दहा किलोमीटरचे आणि लाखो वेगवेगळ्या दिशांचे आहेत.

डायपोल गतीचाच कशावरून

वर्णपट पुरावा देतो, पण अर्धाच. फिरासने दाखवलं, की डायपोलचा वर्णपट कृष्णवस्तू प्रारणाच्या तापमानातल्या बदलासारखा आहे, म्हणजे धूळ वगैरे नाही. पण सीएमबीत मुळातच तापमानाचा डायपोल असता तर तोही असाच दिसला असता. अपेरणाची चाचणी म्हणूनच मोलाची. तरी तिची अनिश्चितता पाहता मूळ डायपोलचा लहान वाटा त्यातून नाकारता येत नाही.

दुसरी चाचणी एलिस आणि बाल्डविन यांनी १९८४ मध्ये सुचवली. आपण सरकतो आहोत तर दूरच्या रेडिओ दीर्घिका आणि क्वेसारही (अतिदूरची, अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रं) समोर जास्त मोजले जायला हवेत: अपेरणाने ते दाटतात आणि डॉप्लरने मंद स्रोत मर्यादेच्या वर येतात. अपेक्षित डायपोल म्हणजे बीटा गुणिले ‘दोन अधिक मोजणीचा घातांक गुणिले (एक अधिक वर्णपटाचा घातांक)’. मोजणीचा घातांक म्हणजे मर्यादा खाली आणली की स्रोत किती झपाट्याने वाढतात ते, आणि वर्णपटाचा म्हणजे वारंवारतेनुसार तेज किती घटतं ते. रेडिओ स्रोतांसाठी घातांक १ आणि ०.७५ धरले तर ०.००४६ येतं. २०२१ मध्ये वाइज उपग्रहाच्या १३.६ लाख क्वेसारांवर ही मोजणी झाली. अपेक्षा सुमारे ०.००७, मिळालं ०.०१५५. दिशा सीएमबीच्या डायपोलजवळची, आकार दुप्पट. रेडिओ सर्वेक्षणांतही बऱ्याचदा जास्तीचाच आकडा येतो.

यावरून विश्व एकसारखं नाही असा निष्कर्ष काढण्याआधी मोजणीचा पाया तपासावा, असं मी ठामपणे सांगेन. तेजस्वितेच्या मापात दोन गोलार्धांमध्ये शेकडा एकाचा फरक असला तर मोजणीतही तेवढाच फरक पडतो, आणि आपण शोधतोय शेकडा अर्धा. नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या टीजीएसएस सर्वेक्षणात डायपोल अपेक्षेच्या कितीतरी पट आला, आणि त्याचा संशय आकाशभर हळूहळू बदलणाऱ्या तेजस्वितेच्या मापावरच गेला. क्वेसारांच्या बाबतीत मात्र असं एकच सोपं कारण अजून सापडलेलं नाही. तुम्हाला यादीवर स्वतः काम करायचं असेल, तर तेजस्वितेची मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवत डायपोल पुन्हा पुन्हा काढा. तो गतीचा असेल तर दोन घातांकांमधून जेवढा बदल अपेक्षित आहे तेवढाच होईल. जवळच्या दीर्घिकांच्या गर्दीचा असेल तर जवळचे स्रोत वगळल्यावर घटेल. आणि मापातल्या चुकीचा असेल तर दुर्बिणीच्या निरीक्षणाच्या पट्ट्यांप्रमाणे दिशा बदलेल.